कारणाच्या रकान्यातलं टिंब

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका रुग्णालयासाठी औषधनोंदीचं सॉफ्टवेअर केलं. औषध ठरल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून उशिरा नोंदलं गेलं, की स्क्रीनवर लाल चौकट यायची : ‘उशिराचं कारण लिहा.’ चौकट रिकामी सोडून पुढे जाता येत नसे. ही युक्ती आमचीच, आणि आम्हाला तिचा अभिमानही होता. तीन महिन्यांनी अहवाल काढायला म्हणून मी तो रकाना उघडला. पहिल्या ओळीत टिंब. दुसऱ्या ओळीत टिंब. खाली खाली जात राहिलो, तर टिंबंच टिंबं. मधेच कुणीतरी दोन टिंबं दिली होती, आणि एका ठिकाणी नुसतं ‘हो’.

‘सिस्टर लोकांना ट्रेनिंग द्यायला पाहिजे,’ असं मी म्हणालो. टीममध्ये कुणालाच ते खटकलं नाही.

मग एका रात्री वॉर्डात जाऊन बसलो. अठरा खाटा, दोन सिस्टर. कॉम्प्युटर एकच, तोही वॉर्डाच्या टोकाला. पाच मिनिटं हात लावला नाही की आपोआप लॉगआउट. ती सुरक्षेची स्टोरी, म्हणजे कार्डावर लिहिलेलं एक काम, दुसऱ्याच स्प्रिंटमधलं, म्हणजे दोन आठवड्यांच्या दुसऱ्याच फेरीतलं. सिस्टरने इंजेक्शन दिलं आणि एप्रनवर मांडीपाशी चिकटवलेल्या मायक्रोपोरच्या पट्टीवर पेनाने लिहिलं : ‘७ – २.१०’. म्हणजे खाट सात, वेळ दोन दहा. पट्टी भरली की शेजारी दुसरी. सकाळी साडेसहाला ड्यूटी बदलायच्या आधी ती कॉम्प्युटरपुढे बसली, पट्ट्या टेबलाच्या कडेला ओळीने चिकटवल्या आणि रात्रभराच्या नोंदी एका दमात टाकल्या. दर नोंदीला लाल चौकट, दर चौकटीत टिंब, एंटर. मी विचारलं तेव्हा मान वर न करता म्हणाली, “अहो सर, उशीर झालाच नाहीये, तर कारण काय लिहू?”

आमच्या डेटाबेसच्या मते त्या रात्रीची सगळी औषधं पावणेसातच्या सुमारास दिली गेली होती. खरी नोंद कचऱ्याच्या डब्यात होती, पट्ट्यांवर. लाल चौकटीच्या स्टोरीचा डेमो मात्र झकास झाला होता. रुग्णालयाच्या बाजूने आलेल्या साहेबांनी लाल चौकट पाहून ‘हेच हवं होतं’ असं म्हटलं होतं, आणि कार्ड त्याच दुपारी ‘डन’च्या रकान्यात गेलं होतं.

हे कार्ड ‘डन’मध्ये गेलं कसं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पुरला आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी, सॉफ्टवेअरमधली सतरा मंडळी जमली आणि त्यांनी ॲजाइलचा, म्हणजे आम्ही वापरतो त्या कामाच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. त्यांचं बंड खरं होतं. मी त्याआधीच्या काळातही काम केलं आहे. चारचारशे पानांची रिक्वायरमेंटची बाडं, त्यांवर सह्या, मग दीड वर्ष शांतता आणि शेवटी जे हातात पडायचं ते कुणालाच नको असायचं. थोडं करा, दाखवा, सुधारा, ही सुटका होती. पण जाहीरनाम्यामागची बारा तत्त्वं नीट वाचली, तर एक गंमत दिसते. ‘ग्राहक’ पहिल्या दोन तत्त्वांतच येऊन जातो. त्याचं समाधान ही पहिली जबाबदारी. ‘वापरणारे’ मात्र बाराही तत्त्वांत एकदाच येतात, आठव्यात, आणि तेही कशासाठी, तर प्रायोजक, प्रोग्रामर आणि वापरणारे या सगळ्यांना कामाची एकसारखी गती टिकवता यावी म्हणून. त्यांच्या हाताखाली काय येणार आहे, याच्याशी त्या उल्लेखाचा संबंध नाही.

ग्राहक आणि वापरणारा एकच असतो, अशी त्या मंडळींची समजूत असावी. काही वेळा असतोही. पण हिंजवडीतल्या एखाद्या टीमचं नेहमीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. काम अमेरिकेतल्या विम्याच्या दाव्यांचं. प्रॉडक्ट ओनर न्यू जर्सीत, रात्री साडेआठच्या कॉलवर भेटणार. ज्या विभागाच्या वतीने तो बोलतो, त्याचा मॅनेजर तिसऱ्याच गावात. आणि दिवसभर दावे तपासणारी कारकून बाई त्याहून लांब. तिच्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत की एक, हे या साखळीतल्या कुणालाच सांगता येणार नाही. चार जणांच्या कानगोष्टींतून आलेलं वाक्य मग कार्डावर उतरतं : ‘वापरकर्ता म्हणून मला अमुक हवं आहे, म्हणजे तमुक होईल.’ वाक्य प्रथमपुरुषी आहे, पण ज्याच्या तोंडी ते घातलं, त्याने ते कधी उच्चारलेलंच नसतं.

इथे ॲजाइलवाले मित्र हमखास म्हणतात, ‘हा पद्धतीचा दोष नाही, तुम्ही ती चुकीची राबवलीत.’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याचंच जरा ऑपरेशन करावंसं वाटतं. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धात जावं लागेल.

अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर पोटावर बसायची. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे, त्याऐवजी वैमानिक चाकंच आत घ्यायचा. अहवालात कारण पडायचं : वैमानिकाची चूक. राइट फील्डच्या प्रयोगशाळेत अल्फान्स चपॅनिस नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ होता. त्याच्या लक्षात आलं, की ही चूक काही ठरावीक विमानांवरच होते. सी-४७ वर होत नाही. कॉकपिटमध्ये पाहिलं तर फ्लॅपचा आणि चाकांचा खटका शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला. अंधारात, दमलेल्या हातालाही कळावं, की आपण काय धरलं आहे. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याच्या टोकाला चाक असतं. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून अशा ‘चुकां’चे ४६० किस्से गोळा केले; त्यांतले निम्म्याच्या आसपास एका खटक्याऐवजी दुसराच ओढल्याचे होते. ह्यूमन फॅक्टर्स ही विद्या इथून उभी राहिली. (तिचं ‘मानवी घटक अभियांत्रिकी’ असं सरकारी भाषांतर केलं, की ती पाककृतीच्या साहित्यासारखी वाटायला लागते, म्हणून मी ते शक्यतो टाळतो.) तिचं मूळ म्हणणं एवढंच : पुष्कळ चांगली, शिकलेली माणसं तीच चूक पुन्हा पुन्हा करत असतील, तर माणसं बदलू नका, खटका पाहा.

आता तो नियम ॲजाइललाच लावून बघा. शेकडो टीम, हुशार मुलंमुली, प्रमाणपत्रं घेतलेले स्क्रम मास्टर, आणि सगळे मिळून तीच चूक करतात : वापरणाऱ्याला विसरतात. मग ‘तुम्ही चुकीचं राबवलंत’ म्हणजे ‘वैमानिकाची चूक’च झाली की. स्प्रिंट हेही एक यंत्र आहे, आणि ते चालवणारी माणसं म्हणजे आम्ही. आमच्यावर शुक्रवारच्या डेमोचा ताण असतो, आमचंही लक्ष तुटपुंजं असतं. आमच्या कॉकपिटमध्ये काय दिसतं? बोर्ड, कार्डं, कामाचे पॉइंट, आणि दर स्प्रिंटला ते किती झाले हे सांगणारा व्हेलॉसिटीचा आलेख. वॉर्डातली सिस्टर यातल्या कुठल्याच काट्यावर नाही. जे काट्यावर नाही, ते दमलेल्या माणसाला दिसत नाही. ‘सहानुभूती ठेवा’ असं पोस्टर भिंतीवर लावणं म्हणजे सारख्याच दोन खटक्यांमध्ये ‘सावध राहा’ अशी पाटी लावणं.

म्हणून ॲजाइल आणि ह्यूमन फॅक्टर्स या दोन विद्यांचं लग्न लावायचं तर नुसता एक डिझायनर टीममध्ये आणून बसवण्याने भागणार नाही, असं माझं मत आहे. खटक्याचा आकार बदलायला हवा.

वास्तविक हे लग्न जुनंच आहे. आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्ये तीन सूत्रं मांडली : सुरुवातीपासून वापरणाऱ्यांकडे लक्ष, प्रत्यक्ष वापराचं मोजमाप, आणि करून-पाहून-पुन्हा-करणं. तिसरं सूत्र म्हणजे ॲजाइलचा आत्माच. सोळा वर्षं आधी सांगितलेला. आणि ते नुसतं सांगितलं नव्हतं. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी त्यांच्या गटाने खेळाडूंना आवाजी निरोप ठेवायची-ऐकायची सोय केली होती, बारा भाषांत. यंत्राचा नमुना त्यांनी ऑफिसच्या बोळातच उभा करून ठेवला. येणारा-जाणारा हात लावणार, अडखळणार, आणि हे लोक त्यावरून बदल करणार. आपण वारसा घेताना तिसरं सूत्र उचललं आणि पहिली दोन स्नोबर्डच्या बर्फात राहून गेली. फेऱ्या मारतो, पण कशाभोवती?

‘आम्ही वापरणाऱ्यांचं ऐकतो की,’ असंही कुणी म्हणेल. ऐकणं आणि पाहणं यांतला फरक किती महाग पडू शकतो, याचं थेरॅक-२५ इतकं अंगावर येणारं उदाहरण मला माहीत नाही. कॅनडात तयार झालेलं हे कर्करोगावरच्या किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा केला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये त्याची जी चिकित्सा प्रसिद्ध केली, ती आमच्या धंद्यात सगळ्यांनी वाचावी अशी आहे. तिचा उल्लेख बहुधा कोडमधल्या चुकीसाठी होतो. मला तिच्यातला एक बारीक तपशील जास्त सतावतो. यंत्र चालवणाऱ्यांची सुरुवातीला तक्रार होती, की उपचाराचे आकडे रुग्णापाशी एकदा आणि पुन्हा कीबोर्डवर भरायचे, यात फार वेळ जातो. कंपनीने ऐकलं. आता नुसतं रिटर्न दाबत गेलं, की आतले आकडे जसेच्या तसे उतरायचे. वापरणाऱ्याने मागितलं, लगेच दिलं. आजच्या भाषेत आदर्श स्टोरी. पण दोनदा भरण्यात जी ताळा करायची संधी होती, ती गेली. बोटांना रिटर्न-रिटर्न-रिटर्नची लय लागली.

१९८६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी एका अनुभवी ऑपरेटरने इलेक्ट्रॉनच्या जागी सवयीने एक्स-रेचं अक्षर दाबलं. चूक लगेच लक्षात आली. तिने बाण वर नेऊन अक्षर बदललं, बाकीच्या ओळींवर रिटर्न मारत खाली आली आणि किरण सुरू केले. हे सगळं आठ सेकंदांच्या आत झालं, आणि यंत्राला तेवढ्यात बदल पचवता आला नाही. आधीच्या यंत्रात अशा वेळी आडवे येणारे अडसर होते. या यंत्रात सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर. पडद्यावर आलं : ‘मॅलफंक्शन ५४’. त्याचा अर्थ ऑपरेटरच्या पुस्तिकेत नव्हता. शिवाय यंत्राच्या मते मात्रा फारच कमी गेली होती. असे संदेश रोजचेच. एखाद्या दिवशी चाळीसही यायचे. तिने ‘पी’ दाबलं, म्हणजे ‘पुढे चला’. आत झोपलेला माणूस पहिल्या झटक्यानेच उठायच्या बेतात होता, त्याला दुसरा बसला. त्या दिवशी खोलीतल्या कॅमेऱ्याची वायर काढलेली होती आणि इंटरकॉम बिघडलेला होता. तो रुग्ण पाच महिन्यांनी गेला. त्या अपघातानंतर तीनच आठवड्यांनी त्याच ठिकाणी, तिच्याच हातून तेच पुन्हा घडलं, तेव्हा तिथला भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर तिला घेऊन यंत्रापुढे बसला आणि दोघांनी ती चूक मुद्दाम घडवून दाखवली. ती घडवायला त्याला वेगाने टाइप करण्याचा सराव करावा लागला. हळू हातांना ती चूक सापडतच नव्हती!

थेरॅक काही ॲजाइलने बनवलेलं नव्हतं. त्या काळी तो शब्दही नव्हता. पण दोन आठवड्यांच्या फेरीत काय दिसू शकत नाही, ते इथे लख्ख दिसतं. डेमो देणारा नेहमी हळू असतो. बोलत बोलत, माउस फिरवत दाखवतो. सहा महिने वापरलेल्या हाताचा वेग डेमोत येत नाही. चाळिसाव्या इशाऱ्याला मेलेली नजर डेमोत येत नाही. तिथे प्रत्येक इशारा पहिलाच असतो. आमची लाल चौकट घ्या, पाच मिनिटांचं लॉगआउट घ्या, नंतर आलेला ॲलर्जीचा पॉपअप घ्या. एकेक कार्ड एकेका स्प्रिंटमध्ये शहाणपणानेच घेतलं होतं. रात्रपाळी मात्र कुठल्याच कार्डावर नव्हती. काम बारीक चिरून घेतलं, की तुकडे तपासता येतात. जोड कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

मधल्या काळात यावर एक तोडगा निघाला आणि तो बराच पसरला. टोरंटोच्या एलियस कंपनीत, जी पुढे ऑटोडेस्कमध्ये गेली, तिथे लिन मिलर आणि डिझिरे साय यांनी दोन रूळ टाकले : डिझायनरांनी प्रोग्रामरांच्या एक स्प्रिंट पुढे चालायचं, पुढच्याची आखणी करायची आणि मागच्या स्प्रिंटमध्ये झालेलं वापरणाऱ्यांकडून तपासून घ्यायचं. २००५ आणि २००७ मधले त्यांचे लेख प्रामाणिक आहेत, आणि त्यांच्याकडे ते चाललंही. मी जिथे जिथे याची नक्कल पाहिली, तिथे मात्र पुढचा रूळ राहिला आणि मागचा गळाला. डिझायनर पुढे पळून चित्रं काढतात. मागे वळून पाहायला वेळ कुणाला? चित्रं बोर्डावर दिसतात, पाहणं दिसत नाही. पुन्हा तोच खटका.

पाच जणांवर तपासलं की पुरे, या वापरसुलभतेचा तज्ज्ञ याकोब निल्सन याच्या प्रसिद्ध सल्ल्याचंही थोडं असंच झालं. स्वस्तात, वारंवार तपासा, हे त्याचं म्हणणं योग्यच. पण त्यामागचं गणित तीन जणांत एकाला अडणाऱ्या ठळक अडचणींचं आहे. शंभरात एकदा होणारी चूक पाच माणसांच्या एकेका प्रयत्नात दिसायची शक्यता पाच टक्क्यांहूनही कमी. दिवसाला तीनशे औषधं देणाऱ्या वॉर्डात तीच चूक रोज तीनदा होणार. तेव्हा जलद फेऱ्यांच्या जोडीला एक संथ घड्याळही लागतं : तीन महिन्यांतून एकदा अख्खी पाळी, खऱ्या वेळी, खऱ्या गोंधळात बसून पाहायची.

आणखी एक गोष्ट ॲजाइलच्या हिशेबात कधीच धरली जात नाही. सततचा बदल हाच वापरणाऱ्यावरचा बोजा असतो. दर पंधरवड्याला रिलीज म्हणजे दर पंधरवड्याला कुणाची तरी बोटं पुन्हा नवखी. बटण डावीकडून उजवीकडे गेलं, ही आमच्यासाठी अर्ध्या पॉइंटची स्टोरी. सवयीने चालणाऱ्या हातासाठी तो शेजारी आलेला सारखा खटका. ‘बदलाचं स्वागत करा’ हे तत्त्व लिहिणाऱ्यांना तो बदल रात्री दोन वाजता शिकायचा नव्हता.

हे सगळं रुग्णालयापुरतंच आहे, असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे आणि जुनाट, आणि वर केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. दिल्लीच्या दृष्टीने ग्राहक म्हणजे मंत्रालय. त्याला हवा होता तक्ता. रोज मुलांची हजेरी, वजनं आणि आहाराची नोंद करणारी बाई त्या साखळीच्या शेवटी होती आणि बोलण्याची तिच्यापुढची वाट एवढीच होती, की फोनच परत करायचा. माझ्या टिंबांचंच हे मोठं रूप. टिंब म्हणजे निष्काळजीपणा नव्हता. तो आलेला अभिप्राय होता, आम्हाला वाचता आला नाही इतकंच.

ह्यूमन फॅक्टर्सवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. त्यांचे अहवाल जाडजूड येतात आणि उशिरा येतात. वैद्यकीय उपकरणांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक विकास चालू असताना तपासत राहा असंच सांगतं; अमेरिकी नियामक संस्था शेवटच्या चाचणीत वापरणाऱ्यांच्या प्रत्येक गटातली किमान पंधरा माणसं मागते. आणि बऱ्याच कंपन्या ती शेवटची चाचणी तेवढी नेमाने करतात. तोवर काही बदलायची सोय उरलेली नसते. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अनिरुद्ध जोशी यांनी (स्वरचक्र कीबोर्ड त्यांच्याच गटाचा) याच दुखण्यावर काम केलं : वापरसुलभतेची उद्दिष्टं आधी ठरवा, ती किती साधली ते आकड्यात मोजा, आणि वापरणाऱ्यांशी निगडित कामं प्रक्रियेत कितपत मुरली आहेत, हेही मोजा. पहिल्या मोजपट्टीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘उगम’ होतो, हे मला फार आवडलं. बोर्डावर टांगता येईल असा आकडा असल्याशिवाय या विषयाला स्प्रिंटमध्ये खुर्ची मिळत नाही, हे तिथे नीट ओळखलेलं आहे.

आमच्या टीमने केलं ते याहून गावठी होतं. बोर्डावर ‘डन’च्या पुढे आणखी एक रकाना काढला : ‘पाहिलं’. टीमबाहेरच्या माणसाला, त्याच्या जागी, त्याच्या वेळी, न बोलता वापरताना आमच्यापैकी कुणीतरी पाहिल्याशिवाय कार्ड तिथे जाणार नाही. आणि पॉइंट मोजायचे ते ‘पाहिलं’मधलेच. पहिल्या महिन्यात व्हेलॉसिटी निम्म्यावर आली. वरून विचारणा झाली, प्रॉडक्ट ओनर वैतागला, दोन मुलांनी रात्री वॉर्डात बसायला साफ नकार दिला, आणि त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. चौदा कार्डं ‘डन’ आणि ‘पाहिलं’च्या मधे तुंबून राहिली. पण ती तुंबलेली दिसत होती. आधीही तुंबलेलीच असत, फक्त रुग्णालयाच्या बाजूला.

लाल चौकट आम्ही काढली. ‘दिल्याची वेळ’ आणि ‘नोंदल्याची वेळ’ वेगळ्या केल्या. औषधांच्या ट्रॉलीवर एक टॅब्लेट बसवला, हातमोज्यांनी दाबता येतील एवढ्या बटणांचा. दोन महिन्यांनी मी पुन्हा रात्री गेलो. तीच सिस्टर होती. नोंदी खाटेपाशीच होत होत्या. एप्रनवर मायक्रोपोरची एक पट्टी तरीही होती, खाट आणि वेळ लिहिलेली.

मी पट्टीकडे पाहतोय हे तिला कळलं. म्हणाली, “ती राहणारच, सर. परवा तुमचा सर्व्हर तासभर बंद होता. तेव्हा मी काय करायचं?”

त्याचं कार्ड बोर्डावर नव्हतं. मी खिशातून पेन काढलं, कागद कुठे सापडेना. तिने ट्रेमधला रोल उचलला, वीतभर पट्टी फाडली आणि माझ्यापुढे धरली.